औषधाची गोळी आणि बंदुकीची गोळी

14 सप्टेंबर 1989 च्या सकाळी, अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात, स्टँडर्ड ग्रॅव्ह्यूर या मोठ्या छापखान्यात आजारपणाच्या दीर्घ रजेवर असलेला एक कामगार बंदुकांनी भरलेली पिशवी घेऊन शिरला. अर्ध्या तासाच्या आत त्याने आठ सहकाऱ्यांचा जीव घेतला, बाराजणांना जखमी केले आणि शेवटी स्वतःवरही गोळी झाडून घेतली. हा मनुष्य अनेक वर्षे मानसिक आजाराने त्रस्त होता, त्याने पूर्वी आत्महत्येचे प्रयत्न केले होते आणि कामाच्या ठिकाणी आपला छळ झाला अशी त्याची पक्की समजूत होती. घटनेच्या सुमारे महिनाभर आधी त्याला प्रोझॅक हे नैराश्यावरील औषध सुरू करण्यात आले होते. हे औषध बाजारात येऊन दोन वर्षेही झालेली नव्हती. घटनेच्या तीनच दिवस आधी, 11 सप्टेंबरला, डॉक्टरांनी त्याची बेचैनी पाहून हे औषध बंद करावे असे सुचवले होते.

मानसोपचाराची औषधे आणि सामूहिक गोळीबार यांचा काही संबंध आहे का, हा वाद मुख्यतः त्या छापखान्यापासून सुरू झाला आणि आज पस्तीस वर्षांनंतरही मिटलेला नाही. मी तालुक्याच्या गावात औषधांचे दुकान चालवतो. अमेरिकेत कुठे शाळेत गोळीबार झाला की दोन-चार दिवसांत आमच्या इथल्या लोकांच्या मोबाइलवरही एक संदेश फिरू लागतो, ज्यात ‘हे सगळे मारेकरी डोक्याच्या गोळ्या खात होते’ असे ठामपणे लिहिलेले असते. मराठीत औषधाच्या आणि बंदुकीच्या गोळीला एकच शब्द असल्यामुळे की काय, हे वाक्य लोकांच्या मनात चटकन रुतून बसते. त्याचे परिणाम मी काउंटरच्या अलीकडून पाहिले आहेत, त्याबद्दल पुढे लिहितोच. आधी मूळ प्रश्न नीट पाहू.

मूळ प्रश्न खरे तर एक नाही, दोन आहेत. पहिला प्रश्न असा, की नैराश्यावरची ही औषधे काही थोड्या लोकांमध्ये, विशेषतः तरुणांमध्ये, बेचैनी, चिडचीड, आक्रमकता किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार वाढवू शकतात का? दुसरा असा, की शाळेत, चित्रपटगृहात किंवा प्रार्थनास्थळात शिरून अनोळखी माणसांना ठार मारण्याच्या घटना या औषधांमुळे घडतात का? पहिल्याचे उत्तर ‘होय, काहींमध्ये’ असे आहे आणि ते औषधाच्या माहितीपत्रकावर छापलेले असते. दुसऱ्याचे उत्तर, आज उपलब्ध असलेल्या पुराव्यांवरून, ‘तसे दिसत नाही’ असे आहे. औषधांवर आरोप करणारे पहिल्या उत्तराचा आधार घेऊन दुसरे सिद्ध झाल्याचे सांगतात. औषधांचा बचाव करणारे दुसऱ्या उत्तराच्या जोरावर पहिलेही झाकू पाहतात. माझ्या मते दोन्ही बाजूंनी रुग्णाचे नुकसानच केले आहे.

ही औषधे करतात काय

वादात सतत ज्यांचे नाव येते त्या गटाला एसएसआरआय म्हणतात. फ्लुओक्सेटिन (म्हणजेच प्रोझॅक), सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, एस्सिटालोप्राम, फ्लुव्हॉक्सामिन ही त्यातली नावे. मेंदूतील एक पेशी दुसऱ्या पेशीला निरोप देताना सेरोटोनिन नावाचे रसायन बाहेर सोडते आणि काम झाले की ते परत आत ओढून घेते. हे परत ओढून घेणे ही औषधे रोखतात, त्यामुळे दोन पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन अधिक काळ राहते. हा बदल पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होतो, पण मन हलके वाटायला दोन ते सहा आठवडे लागतात. नैराश्य म्हणजे केवळ सेरोटोनिनची कमतरता, ही जुनी सोपी मांडणी आज टिकत नाही.

या दोन-सहा आठवड्यांच्या मधल्या काळातच धोका असतो. औषधाचा दुष्परिणाम आधी जाणवतो, गुण नंतर येतो. काही रुग्णांना या काळात झोप लागत नाही, छातीत धडधडते, मन ताळ्यावर राहत नाही. त्यांतल्या थोड्यांना अकथीशिया होतो. बसू न शकणे असा या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ असून, हे नाव 1901 मध्ये, म्हणजे यातले एकही औषध अस्तित्वात येण्याच्या कितीतरी आधी, हाशकोवेट्स या चेक वैद्याने दिले. ज्याला अकथीशिया होतो तो मनुष्य खुर्चीवर बसतो आणि लगेच उठतो, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत राहतो, खोलीत येरझाऱ्या घालतो, आणि विचारले तर ‘अंगातून बाहेर पळून जावेसे वाटते’ अशा काहीशा शब्दांत सांगतो. बाहेरून पाहणाऱ्याला ती नुसती चुळबुळ वाटते. आतून मात्र ती यातना असते, आणि ती औषधामुळे होत आहे हे रुग्णाला कोणी सांगितलेले नसेल तर आपलाच आजार बळावला असे तो धरून चालतो.

1990 च्या फेब्रुवारीत मार्टिन टायकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रतिष्ठित अमेरिकी मानसोपचार नियतकालिकात सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. फ्लुओक्सेटिन सुरू केल्यावर या रुग्णांना आत्महत्येच्या तीव्र विचारांनी घेरले होते. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 1991 मध्ये, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यावर सुनावणी घेतली आणि त्यांच्या सल्लागार समितीने विश्वासार्ह पुरावा नाही असा निर्वाळा दिला. विषय संपला असे अनेकांना वाटले. तो संपलेला नव्हता. 2004 मध्ये याच प्रशासनाने मुलांवरील 24 चाचण्यांमधील 4,400 हून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा असे दिसले की खरे औषध घेणाऱ्या मुलांपैकी 4 टक्क्यांमध्ये, तर औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी 2 टक्क्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन आढळले. त्या चाचण्यांमध्ये प्रत्यक्ष आत्महत्या एकही झाली नव्हती, तरीही धोका दुप्पट होता. त्या वर्षी ऑक्टोबरात सर्व नैराश्यविरोधी औषधांच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापणे सक्तीचे झाले आणि 2007 मध्ये तो 24 वर्षे वयापर्यंतच्या तरुणांना लागू करण्यात आला. सुरुवातीच्या काळात आणि मात्रा बदलताना लक्ष ठेवण्याच्या लक्षणांत चिडचीड, वैरभाव, आक्रमकता आणि अकथीशिया यांची नावे स्पष्टपणे दिलेली आहेत.

2016 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी 70 चाचण्यांमधील 18 हजारांहून अधिक रुग्णांची माहिती नव्याने तपासून प्रसिद्ध केली. त्यातही मुले आणि किशोरवयीनांमध्ये आक्रमकतेचे प्रमाण नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा दुपटीहून जास्त आढळले. प्रौढांमध्ये तसा फरक दिसला नाही. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर कुणा एका विक्षिप्त डॉक्टराचे मत नाही. ते मान्य न करता या विषयावर बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल.

न्यायालयात काय घडले

लुईव्हिलच्या छापखान्यातील जखमी आणि मृतांचे नातेवाईक यांनी प्रोझॅक बनवणाऱ्या एलाय लिली या कंपनीवर दावा लावला. 1994 च्या शेवटी खटला चालला आणि डिसेंबरात ज्युरीने नऊ विरुद्ध तीन मतांनी कंपनी जबाबदार नाही असा निकाल दिला. कंपनीने या निकालाचा उपयोग आपल्या औषधाच्या निर्दोषत्वाचा दाखला म्हणून केला. खटला चालवणारे न्यायाधीश जॉन पॉटर यांच्या मनात मात्र एक गोष्ट सलत राहिली. याच कंपनीच्या ओराफ्लेक्स नावाच्या जुन्या औषधाबाबत, त्याचे गंभीर दुष्परिणाम सरकारला न कळवल्याबद्दल, कंपनीने 1985 मध्ये गुन्हा कबूल केला होता. हा पुरावा ज्युरीपुढे आणू द्यावा म्हणून दावेदारांचे वकील न्यायाधीशांशी भांडले होते, न्यायाधीशांनी परवानगीही दिली होती, आणि परवानगी मिळाल्यावर वकिलांनी तो पुरावा मांडलाच नाही. मिळालेले हत्यार कोणी हातातून खाली का ठेवेल?

पॉटर यांनी पाठपुरावा केला तेव्हा उघड झाले, की निकाल लागण्याआधीच दोन्ही पक्षांनी पैशांचा गुप्त समझोता केला होता. चौकशी करण्याचा न्यायाधीशांचा अधिकार 1996 मध्ये केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आणि पुढल्या वर्षी नोंदीतला निकाल बदलून ‘समझोत्याने निकाली’ असा करण्यात आला. प्रोझॅकमुळे ते हत्याकांड घडले असे यावरून सिद्ध होत नाही. त्या माणसाने बंदुका प्रोझॅक सुरू होण्याच्या आधीच घेतल्या होत्या आणि वरिष्ठांना मारण्याची भाषाही त्याआधीची होती. पण लोकांचा विश्वास कसा उडतो हे समजून घ्यायचे असेल तर हा खटला वाचावा. जे सत्य भर न्यायालयात तपासले जायला हवे होते, ते पैसे देऊन बाजूला ठेवले गेले, आणि त्या रिकाम्या जागेत पुढची तीस वर्षे अफवा वाढत राहिली.

दुसऱ्या एका खटल्यात निकाल उलटा लागला. 1998 मध्ये वायोमिंग राज्यात साठीच्या एका गृहस्थाने पॅरॉक्सेटिन सुरू केल्यानंतर दोनच दिवसांत पत्नी, मुलगी आणि तान्ही नात यांना गोळ्या घालून आत्महत्या केली. 2001 मध्ये ज्युरीने औषध कंपनीवर 80 टक्के जबाबदारी ठेवून सुमारे 64 लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. इथे एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. हे घडले ते घरात, अचानक, औषध सुरू होताच, आणि आधी कसलीही तयारी न करता. ज्यांना आपण सामूहिक गोळीबार म्हणतो, त्या घटनांची घडण अगदी वेगळी असते.

याद्या आणि त्यांतली गफलत

औषधे घेणाऱ्या मारेकऱ्यांच्या ज्या याद्या फिरतात, त्यात पहिले नाव बहुधा कोलंबाइनचे असते. 20 एप्रिल 1999 रोजी कोलोरॅडोमधील या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाला ठार मारले. दोघांपैकी एकाच्या शवविच्छेदनात फ्लुव्हॉक्सामिन आढळले, हे खरे आहे. दुसऱ्याच्या शरीरात असे कोणतेही औषध नव्हते, हेही तितकेच खरे आहे, पण ते यादीत लिहिलेले नसते. दोघांनी जवळजवळ वर्षभर एकत्र बसून तयारी केली, स्फोटके जमवली, डायऱ्या लिहिल्या. एकाच कटातल्या दोघांपैकी एक औषधावर आणि एक औषधाविना, असे असेल तर औषध हे कारण कसे ठरवायचे?

पुढची उदाहरणे पाहिली तर चित्र आणखी विस्कटते. 2005 मध्ये मिनेसोटातील रेड लेक येथे हल्ला करणारा सोळा वर्षांचा मुलगा प्रोझॅक घेत होता. 2012 मध्ये ऑरोरा येथील चित्रपटगृहात बाराजणांना मारणाऱ्याला सर्ट्रालिन दिले गेले होते, पण घटनेच्या काही आठवडे आधी त्याने उपचार सोडले होते. 2007 मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात 32 जणांना मारणाऱ्या विद्यार्थ्याच्या शरीरात तपासणीत कोणतेही औषध सापडले नाही. शाळकरी वयात त्याने वर्षभर पॅरॉक्सेटिन घेतले होते आणि ते बंद होऊनही सात वर्षे लोटली होती. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूक शाळेत वीस मुले आणि सहा प्रौढांचा बळी घेणाऱ्या तरुणाचा अहवालही असाच कोरा निघाला. त्याला काही वर्षांपूर्वी औषध सुचवले गेले होते, ते त्याने जेमतेम काही दिवस घेऊन सोडले, आणि नंतरच्या काळात तो कोणत्याच उपचारात नव्हता. फिरणाऱ्या याद्यांमध्ये ही चारही नावे एकाच रांगेत लावलेली असतात.

‘प्रोझॅक येण्याआधी असे काही घडतच नव्हते’ हे विधानही वारंवार ऐकू येते. प्रोझॅकला मंजुरी मिळाली ती डिसेंबर 1987 च्या अखेरीस. त्याआधी 1984 मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन इसिड्रो येथे मॅकडॉनल्ड्सच्या उपाहारगृहात एकाच माणसाने 21 जणांना मारले होते, आणि 1986 मध्ये ओक्लाहोमातील एडमंड येथील टपाल कार्यालयात 14 जण मारले गेले होते. सॅन इसिड्रोच्या घटनेतील एक बाब माझ्या मनातून जात नाही. आदल्या दिवशी त्या माणसाने एका मानसोपचार केंद्राला फोन करून भेटीची वेळ मागितली होती. फोन घेणाऱ्या व्यक्तीने नाव चुकीचे टिपले, प्रकरण तातडीचे नाही अशी नोंद झाली, आणि तो घरी फोनजवळ बसून राहिला. उलट फोन आलाच नाही.

आकड्यांकडे कसे पाहावे

2015 ते 2018 या काळातील अमेरिकी सरकारी पाहणीनुसार तिथल्या 13.2 टक्के प्रौढांनी आदल्या तीस दिवसांत नैराश्यविरोधी औषध घेतलेले होते; पुरुषांमध्ये हे प्रमाण 8.4 टक्के होते. म्हणजे कोणत्याही महिन्यात सुमारे एक कोटी पुरुष ही गोळी घेत असतात. आता समजा, औषधाचा गोळीबाराशी काडीचाही संबंध नाही. तरीसुद्धा शंभर पुरुष मारेकरी तपासले तर त्यातले आठ-नऊ जण निव्वळ योगायोगानेच हे औषध घेणारे निघतील. शिवाय हे मारेकरी बहुधा आधीपासूनच खचलेले, एकाकी, आत्महत्येच्या उंबरठ्यावर आलेले असतात, आणि अशा माणसाला कोणीतरी डॉक्टरकडे नेलेले असण्याची शक्यता चारचौघांपेक्षा जास्तच असते. म्हणून हे प्रमाण पंधरा-वीस टक्के निघाले तरी त्यावरून औषध दोषी ठरत नाही.

आजारामुळे औषध आणि औषधामुळे आजार यांची गल्लत कशी होते, याचा उत्तम नमुना फिनलंडमधील 2015 च्या एका अभ्यासात सापडतो. तिथे खून केलेल्या 959 जणांची औषधे तपासण्यात आली. नैराश्यविरोधी औषधे चालू असताना धोका 1.31 पट दिसला, म्हणजे थोडासा अधिक. पण सूज आणि अंगदुखीवरच्या साध्या वेदनाशामक गोळ्यांसाठी हाच आकडा 3.06 निघाला! अंगदुखीच्या गोळीने माणूस खुनी होतो असे कोणी म्हणत नाही. ज्याच्या आयुष्यात मारामाऱ्या, दारू आणि दुखणी जास्त आहेत तो वेदनाशामकही जास्त घेतो, हे आपल्याला लगेच पटते. नैराश्याच्या गोळीबाबत हाच विचार करायला मात्र आपण तयार नसतो.

ही अडचण ओलांडण्याचा चांगला प्रयत्न स्वीडनमध्ये झाला. एसएसआरआय घेतलेल्या साडेआठ लाखांहून अधिक लोकांच्या 2006 ते 2009 मधील नोंदी घेऊन संशोधकांनी प्रत्येक माणसाची तुलना दुसऱ्याशी न करता त्याच्या स्वतःशीच केली: तोच माणूस औषध चालू असताना आणि औषध बंद असताना. 15 ते 24 वयोगटात औषध चालू असताना हिंसक गुन्ह्यात शिक्षा होण्याचे प्रमाण 43 टक्क्यांनी जास्त आढळले. त्यावरील वयात ठोस फरक नव्हता. ही वाढ मुख्यतः कमी मात्रा घेणाऱ्यांत होती, त्यामुळे हे औषधामुळे झाले की आजार नीट आटोक्यात न आल्यामुळे, हा प्रश्न खुलाच राहिला. इथे ‘हिंसक गुन्हा’ म्हणजे बहुतांशी मारहाण, धमकी, लूट. सामूहिक हत्याकांडाशी याचा थेट संबंध जोडता येत नाही. दुसऱ्या बाजूला, त्याच देशात 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र मानसिक आजारावरील औषधे चालू असताना हिंसक गुन्हे 45 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. ‘मानसोपचाराची औषधे’ असे सरसकट म्हणणे म्हणजे ‘पोटाची औषधे’ म्हणण्यासारखे आहे. जुलाब थांबवणारी आणि जुलाब करणारी दोन्ही त्यात येतात.

प्रत्यक्ष शाळांमधील हल्ल्यांबाबत 2019 मध्ये अमेरिकेतील न्यायवैद्यक मानसोपचारतज्ज्ञांनी 2000 ते 2017 मधील घटना तपासल्या आणि बहुतेक हल्लेखोरांनी आधी अशी औषधे घेतलीच नव्हती असा निष्कर्ष काढला. संख्या लहान आहेत आणि वैद्यकीय नोंदी गोपनीय असतात, त्यामुळे शेवटचा शब्द म्हणून मी या अभ्यासाकडे पाहत नाही. पण सर्व पुरावा एकत्र ठेवला तर तराजू कोणत्या बाजूला झुकतो, हे स्पष्ट आहे.

देशादेशांची तुलनाही हेच सांगते. इंग्लंडमध्ये नैराश्यविरोधी औषधांच्या चिठ्ठ्या 2008 मध्ये 3 कोटी 60 लाख होत्या, त्या 2018 मध्ये 7 कोटींच्या वर गेल्या. मार्च 1996 मध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन शाळेत सोळा मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेल्यानंतर ब्रिटनने खासगी हातातील पिस्तुलांवर बंदी आणली होती. औषधांचा वापर दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होऊनही तिथे 2010 मधील कंब्रिया आणि 2021 मधील प्लिमथ अशा मोजक्याच घटना घडल्या. अमेरिकेत नागरिकांच्या हाती दर शंभर माणसांमागे 120 बंदुका असल्याचा अंदाज आहे. जगात लोकसंख्येपेक्षा जास्त बंदुका असलेला दुसरा देश नाही. गोळ्या दोन्हीकडे खाल्ल्या जातात. फरक कपाटातल्या बंदुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा वाद आता पुन्हा का

फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मुलांच्या आरोग्याविषयी काढलेल्या आदेशात एसएसआरआयच्या धोक्याचे मूल्यमापन करण्यास सांगितले. 27 ऑगस्ट 2025 रोजी मिनीॲपोलिस येथील अनन्सिएशन कॅथलिक चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी झालेल्या गोळीबारात दोन मुले मारली गेली, आणि त्यानंतर लगेच आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांनी या औषधांचा हिंसेशी संबंध तपासण्यासाठी अभ्यास सुरू करत असल्याचे सांगितले. मिनेसोटाच्या सिनेटर टीना स्मिथ यांनी त्यावर तीव्र शब्दांत आक्षेप घेतला. अभ्यास करण्यात गैर काहीच नाही. उलट औषध कंपन्यांच्या पैशांशिवाय तो झाला तर मला आनंदच होईल. पण मुलांचे मृतदेह घरी पोहोचण्याआधी, तपासाचे निष्कर्ष हाती नसताना, मंत्र्याने बोट औषधाकडे दाखवले की ते लाखो घरांत ऐकले जाते. त्या घरांत कोणीतरी गोळी घेत असते.

असे एक घर माझ्या दुकानापासून चार पावलांवर आहे. तिथल्या काकू साठीच्या आहेत, यजमान गेल्यानंतर दोन वर्षांपासून एस्सिटालोप्रामची दहा मिलिग्रॅमची गोळी घेतात. मुलगा न्यू जर्सीत असतो. गेल्या सप्टेंबरात त्या दुकानात आल्या, काउंटरवर अर्धी संपलेली स्ट्रिप ठेवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, “भाऊ, ह्या परत घेता का? मुलाने काहीतरी पाठवलंय, ह्यांनी माणूस पिसाळतो म्हणे.” त्यांनी पाच दिवसांपूर्वी गोळी एकदम बंद केली होती. मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते, उभे राहिले की भोवंडते, रात्री विनाकारण रडू येते, असे त्या सांगत होत्या, आणि हे सगळे आपल्या पापाचे फळ असावे असा त्यांचा चेहरा होता. मी म्हटले, “काकू, हा गोळीचा राग नाही, गोळी अचानक सोडल्याचा त्रास आहे. आधी डॉक्टरसाहेबांना फोन लावू.” डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू करायला सांगितली, आणि पुढे बंद करायचीच असेल तर महिन्यामहिन्याने मात्रा उतरवत नेऊ असे समजावले.

आपल्या देशात नैराश्याचे जे रुग्ण आहेत, त्यांच्यापैकी सुमारे 85 टक्क्यांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असे 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले होते. सामूहिक गोळीबार ही आपल्याकडची समस्या नाही, पण उपचार सोडून देणे ही निश्चितच आहे, आणि अमेरिकेतल्या वादाचा एक तुकडा संदर्भाशिवाय इथे येऊन पडतो तेव्हा त्यात भर पडते.

काकूंच्या मुलाशी त्याच संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बोलणे झाले. तो शिकलेला, आईच्या काळजीपोटी घाबरलेला मुलगा. त्याने विचारले, “मग या गोळ्यांत धोका नाहीच का?” मी त्याला नाही म्हटले नाही. पहिल्या काही आठवड्यांत आणि मात्रा बदलल्यावर धोका असतो, पंचविशीच्या आतल्यांत अधिक असतो, आणि ज्याला पूर्वी कधी उन्मादाचा, म्हणजे झोप न लागता अवास्तव उत्साह चढण्याचा झटका आला असेल त्याच्या बाबतीत डॉक्टरांना ते आधीच सांगायला हवे, असे मी म्हटले. तेव्हापासून ज्या कुणाची अशी नवी चिठ्ठी येते, त्याच्या घरच्या माणसासाठी मी औषधाच्या कागदी पाकिटावर पेनने चार ओळी लिहून देतो: एका जागी बसवत नाही का, झोप उडाली का, एरवी नसलेला संताप येतो का, जगून काय करू असे बोलतात का. यातले काहीही दिसले तर गोळी आपल्या मनाने न थांबवता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. डॉक्टर भेटले नाहीत तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक 14416 आहे; तो चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतून बोलता येते. तो मी पाकिटाच्या मागच्या बाजूला, जरा मोठ्या अक्षरात लिहितो.